कॉर्डलेस हीट गन कुठली घ्यावी? एका पॅनेलवाल्याचा हिशोब

मी भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलची कामं घेतो. नवीन पॅनेल आमच्या शेडमध्येच बांधतो, पण घर चालतं ते चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांतल्या दुरुस्तीवर. क्रेनची केबल बदला, कन्व्हेयरची मोटर नव्याने जोडा, छतावरच्या सोलारचा अर्थिंगचा लग सडलाय तो काढून दुसरा मारा. काम कुठलंही असो, शेवट एकच. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा, क्रिंप केला, म्हणजे दाबून पक्का केला, की त्यावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसणारी नळी, चढवायची आणि हीट गनने गरम हवेचा झोत मारून ती बसवायची. त्यामुळे ओळखीतले वायरमन, सोलारवाले, गाड्यांचं वायरिंग करणारे मला सारखं विचारतात, "दादा, बॅटरीवाली हीट गन घ्यायचीय. बॉश घेऊ, माकिटा घेऊ, का डीवॉल्ट?" फोनवर प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर तुमच्या पेटीत आज ज्या कंपनीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत, तिचीच हीट गन घ्या आणि कामाला लागा. पण पेटीत काहीच नसेल, किंवा जी आहे ती बॅटरी छोटी असेल, किंवा मुळात तुमचं काम बॅटरीच्या गनचं नसेलच, तर पुढे वाचा.

कॉर्डलेस हवीच आहे का?

वायरवाली साधी हीट गन दोन-अडीच हजारांत येते. १६०० ते २००० वॅटची असते आणि सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत कुरकुर न करता चालते. बॅटरीवाली तिच्या कितीतरी पट महाग पडते आणि ताकदीला चौथा-पाचवा हिस्सा. शेजारी सॉकेट असेल तर बॅटरीवालीचा काही उपयोग नाही, उगाच मिरवायला होते.

तिची खरी जागा वेगळी आहे. कारखान्यात शटडाऊन घेतलेला असतो. मेन ब्रेकरला कुलूप, त्यावर माझा टॅग, किल्ली माझ्या खिशात. म्हणजे त्या भागातली सगळी लाईट गेलेली, सॉकेट मेलेलं. पलीकडच्या शेडमधून एक्स्टेंशन ओढायचं तर सेफ्टीवाला विचारणार, केबल रस्त्यावरून कशी नेणार, वर फोर्कलिफ्ट गेली तर काय? ईओटी क्रेनच्या, म्हणजे शेडच्या छताखाली रुळांवर धावणाऱ्या क्रेनच्या, गर्डरवर बसून पॅनेल उघडलं की खाली बघायचीही इच्छा नसते, तिथे लोंबणारी वायर सांभाळणार कोण? सोलारवाल्याचं तेच, छतावर पॅनेल शेकड्याने आणि २३० व्होल्टचा पॉईंट एकही नाही. हायवेवर बंद पडलेल्या ट्रकच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, हात घालणाऱ्याचं तर विचारूच नका. पाच-दहा स्लीव्ह, दोन-चार लग, काम संपलं, उतरा. अशा ठिकाणी ही गन सोन्यासारखी आहे.

आता जिथे घेऊ नये ते. जुना रंग खरवडायचा आहे, फरशीखालचा गोंद सोडवायचा आहे, आख्ख्या गाडीला व्हायनिल रॅप करायचं आहे, ॲक्रिलिकची शीट वाकवायची आहे: वायरवाली घ्या. बसबारवरच्या, म्हणजे पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्टीवरच्या, रंगीत स्लीव्हचंही तेच, कारण सहा इंच लांबीची पट्टी तापायच्या आधी बॅटरी रिकामी होते. आणि ११ केव्ही केबलचं हीट श्रिंक टर्मिनेशन, म्हणजे तिच्या टोकाची जोडणी, जे एमएसईबीवाले, म्हणजे आताचे महावितरणवाले करतात, ते गॅस टॉर्चचं काम आहे. कुणी ते बॅटरीच्या गनवर करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

डब्यावरचे अंश

लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ५०० अंश, ५५० अंश. गिऱ्हाईक दोन डबे शेजारी ठेवतं आणि जिचे अंश जास्त ती उचलतं.

बॉशचीच दोन मॉडेलं बघा. वायरवाली जीएचजी ५००-२ हे १६०० वॅटचं मॉडेल, दोन सेटिंग, ३०० आणि ५०० अंश. कॉर्डलेस जीएचजी १८व्ही-५० ची सेटिंगही तीच, ३०० आणि ५००. कागदावर दोघी सारख्या. आता बॅटरीकडून हिशोब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. या वर्गातल्या कॉर्डलेस गनला मोठ्या सेटिंगवर सलग चालवलं तर असली बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत बसते. ९० वॅट-अवर पाव तासात संपले तर झाले ३६० वॅट, वीस मिनिटांत संपले तर २७०. म्हणजे अंश सारखे असले तरी एकीत १६०० वॅट आणि दुसरीत तीनशेच्या आसपास.

दुसरा आकडा हवेचा. बहुतेक कंपन्या मिनिटाला १५० ते २०० लिटर लिहितात. पण मिनिटाला २०० लिटर हवा ५०० अंशांनी तापवायची तर २ किलोवॅट लागतात, हे शाळेतल्या विज्ञानाचं गणित आहे. १८ व्होल्टवर २ किलोवॅट म्हणजे ११० अँपिअर. तो ३५ स्क्वेअरच्या, म्हणजे ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या, केबलचा करंट झाला, हातात मावणाऱ्या बॅटरीतून असा सलग मिळत नाही. याचा अर्थ सरळ आहे: छापलेली हवा आणि छापलेले अंश, दोन्ही पूर्णपणे एकाच वेळी मिळत नाहीत. अंश नोझलच्या तोंडाशी झोताच्या सगळ्यात गरम जागेचे. दोन इंच पुढे गेलात की चित्र वेगळं. आणि हे एकाच कंपनीचं नाही. सगळ्याच तसं लिहितात, वायरवालीच्या डब्यावरही तसंच असतं. म्हणून ५०० का ५५० या वादात पडू नका. त्या पन्नास अंशांनी तुमच्या कामात काही फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो ते एका लगवर सांगतो.

३५ स्क्वेअरची तांब्याची केबल, तिला क्रिंप केलेला लग, त्यावर आतून गोंद असलेली तीनास एकवाली, म्हणजे आकसून तिसऱ्या हिश्श्यावर येणारी, स्लीव्ह. वायरवाली गन मारली की स्लीव्ह चारी बाजूंनी बसते आणि दोन्ही कडांना गोंदाची बारीक, चमकदार कड बाहेर येते. ती कड दिसली की काम झालं, आत पाणी जाणार नाही. आता तेच बॅटरीच्या गनने करा. समोरची बाजू पटकन बसते, काळीभोर आणि चकचकीत दिसते. पोरगा म्हणतो, "दादा, झालं." केबल फिरवून मागची बाजू बघा. तिथे स्लीव्ह अजून सैल, नखाने दाबली तर हलते. कारण तांबं. जेवढी उष्णता तुम्ही देता तेवढी लग आणि केबल मिळून मागे ओढून नेतात. पोराने तिथेच धरून ठेवली तर समोरची बाजू करपते, आतला गोंद मात्र वितळत नाही. वरून स्लीव्ह छान दिसते आणि पहिल्याच पावसाळ्यात लग हिरवा पडतो.

उपाय आहे. स्लीव्ह आधी केबलवर मागे सरकवून ठेवा. उघड्या लगचा बॅरल, म्हणजे केबल शिरते तो नळीचा भाग, गनने तापवा, थुंकी लावून नाही, स्लीव्हचाच तुकडा टेकवून बघा, तो आकसायला लागला की पुरे. मग स्लीव्ह पुढे ओढा, मधून सुरुवात करून कडांकडे जा. मधून का? कडा आधी बसल्या तर मधली हवा अडकते आणि फुगा राहतो. आणि गनला रिफ्लेक्टर नोझल लावा, म्हणजे तो वाकडा, चमच्यासारखा पत्रा, जो झोत स्लीव्हच्या मागून वळवून आणतो. एवढं केलं तर ३५ स्क्वेअरपर्यंत बॅटरीची गन चालते. ७० स्क्वेअरला मी बॅटरीच्या गनने वेळ घालवत नाही.

बारीक कामात गोष्ट उलटी. पॉलिओलेफिन या प्लास्टिकची साधी स्लीव्ह ९० अंशांच्या आसपास आकसायला लागते, १२० च्या पुढे पूर्ण बसते. दीड स्क्वेअरच्या वायरीवरची बारीक स्लीव्ह पाच-सहा सेकंदांत होते. वायरीचं पीव्हीसी मात्र नेहमीच्या वापरात ७० अंशांसाठीच बनवलेलं असतं. ५०० अंशांचा झोत जवळून मारला तर स्लीव्ह बसेपर्यंत शेजारच्या तीन वायरी मऊ पडतात. पॅनेलच्या डक्टमध्ये वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे खालचं सेटिंग असलेली गन पॅनेलवाल्याला जास्त कामाची. छोट्या कामाला मोठा अंश म्हणजे डोकेदुखी.

बॅटरीचं गणित

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यात काही फरक नाही. आत पाच सेल एकापाठोपाठ एक. प्रत्येक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून १८. पूर्ण चार्ज केल्यावर तोच चार व्होल्टच्या पुढे जातो, म्हणून २०. दुकानदार "ही वीसची आहे, जास्त पॉवर" म्हणाला तर मान हलवा आणि पुढे बोला.

महत्त्वाचं आहे ते अँपिअर-अवर. २ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीत पाचच सेल असतात. हीट गन सलग १५ ते २० अँपिअर ओढते आणि तो सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. ४ किंवा ५ च्या जुन्या बांधणीच्या बॅटरीत दहा सेल, म्हणजे जोड्या. करंट अर्धा-अर्धा वाटला जातो. ड्रिलला छोटी बॅटरी चालते, कारण ड्रिल दहा सेकंद ओढतं आणि थांबतं. हीट गन थांबत नाही. छोट्या बॅटरीवर ती चालेल, पण व्होल्टेज बसेल, झोत कोमट होईल, बॅटरी हाताला चटका देईल इतकी तापेल. तेव्हा ४ किंवा ५ अँपिअर-अवरच्या खाली जाऊ नका आणि एक नाही, दोन घ्या. एक गनमध्ये, एक चार्जरवर.

बाजारात माकिटाच्या मापाच्या नकली बॅटऱ्यांचा पूर आहे. अनेक स्वस्त चिनी टूल्सही त्याच खाचेत बसतात, म्हणून खप मोठा. वर ६ अँपिअर-अवर छापलेलं असतं. अशी बॅटरी हातात घेऊन अस्सल ५ वालीशी वजन ताडून बघा. दहा सेल असलेली अस्सल बॅटरी सहाशे ग्रॅमच्या वर भरते. नकली हलकी लागली तर आत किती सेल आहेत ते उघडायची गरज नाही. एलईडी टॉर्चला, पंख्याला ती लावा हवी तर. हीट गनला लावू नका, कारण सलग मोठा करंट ओढणाऱ्या टूलवरच असली बॅटरी पेटते.

आता ब्रँड

बॉश. आमच्या पट्ट्यात फिटरच्या पेटीत निळा बॉश हमखास सापडतो. जीएचजी १८व्ही-५० ला दोन सेटिंग, ३०० आणि ५००. डायल नाही. मला त्याची अडचण होत नाही, ३०० वर बारीक, ५०० वर लग, मधलं अंतर हाताने सांभाळायचं. माझ्या पेटीत बॅटऱ्या बॉशच्या, म्हणून गनही बॉशची, त्यात दुसरं तत्त्वज्ञान काही नाही. एक सावधगिरी: बॉशचा निळा रंग कामगारांसाठी, हिरवा घरगुती. दोघांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. मेहुण्याकडच्या हिरव्या ड्रिलची बॅटरी वापरू असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

माकिटा. १८ व्होल्टच्या गनला तापमानाची डायल आहे, वर ५५० पर्यंत, आणि हवेचे दोन वेग. पेटी रिकामी असेल आणि मुख्य काम पॅनेल किंवा हार्नेसचं असेल, तर मी सांगेन ही घ्या. डायलचा फायदा दाखवण्यापुरता नाही. सेन्सरची केबल, पातळ पीव्हीसी, गाडीतलं जुनं कडक झालेलं वायरिंग, जिथे ३०० सुद्धा जास्त होतं, तिथे खाली आणता येतं. घेताना एवढंच बघा की १८ व्होल्टची एलएक्सटी आणि ४० व्होल्टची एक्सजीटी या दोन वेगळ्या जाती आहेत, बॅटरी एकमेकांत जात नाही.

डीवॉल्ट. डीसीई५३०, २९० आणि ५३० अंश. ट्रिगर दाबून लॉक करता येतो, आणि हे ऐकायला किरकोळ वाटलं तरी क्रेनवर एका हाताने केबल धरून दुसऱ्याने गन मारताना त्याची किंमत कळते. डीवॉल्टच्याच फ्लेक्सव्होल्ट नावाच्या मोठ्या बॅटऱ्या १८ व्होल्टच्या टूलमध्ये चालतात. ग्राइंडरसाठी कुणी त्या आधीच घेतल्या असतील तर गन जास्त वेळ चालेल, पण हात दुखेल. डोक्याच्या वर काम असेल तर हलकी बॅटरीच बरी.

मिलवॉकी. एम१८, म्हणजे तिच्या १८ व्होल्टच्या मालिकेतल्या, गनला एकच तापमान, ४७० अंश. डायल नाही, दुसरं सेटिंग नाही. सात सेकंदांत तापते असं कंपनी सांगते. जमेची बाजू म्हणजे बुटकं शरीर. पॅनेलच्या मागच्या बाजूला, केबल ट्रेच्या खाली, जिथे मनगट वळत नाही तिथे ती जाते. ज्याचा हात बसलेला आहे त्याला एक तापमान पुरतं, तो अंतराने खेळतो. नवीन पोराच्या हातात द्यायची असेल तर दोन सेटिंगवाली बरी.

मेटाबो आणि स्टाइनेल या दोन जर्मन कंपन्यांचं नाव इथल्या दुकानात क्वचित निघतं. मेटाबोच्या एचजी १८ एलटीएक्स ५०० ला ३०० आणि ५००. स्टाइनेलच्या मोबाईल हीट ५ ला चक्क डिस्प्ले आहे, ५० पासून ५०० पर्यंत ठरवता येतं. दोन्ही सीएएस नावाच्या सामाईक बॅटरीवर चालतात, जी बऱ्याच युरोपी कंपन्या वापरतात. जर्मनीत काम करणाऱ्यांनी जरूर बघाव्यात. इथे सुटा भाग मिळायचा तर वाट बघत बसाल.

उरल्या स्वस्त, अनोळखी नावाच्या. माझं मत सरळ आहे. वर्षातून पाचदा लागणार असेल तर घ्या, पण अस्सल बॅटरीवर चालवा. रोजच्या पोटापाण्याला घेऊ नका. कॉइल जळली की ती फेकायचीच, कुणी उघडत नाही.

मुलगा, पुतण्या, भाचा कुणीतरी अमेरिकेत असतो आणि "तिकडे सेलमध्ये निम्म्यात मिळते, घेऊन येतो" असं म्हणतो. गन चालेल. सोबतचा चार्जर मात्र १२० व्होल्टचा असतो, इथल्या २३० ला लावला की संपला. वॉरंटीही इकडे मागू नका. आणि सुटी बॅटरी विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत आणावी लागते. १०० वॅट-अवरच्या आतली विनापरवानगी येते, ५ अँपिअर-अवरची ९० म्हणून बसते, ६ वाली १०८ होते आणि तिला एअरलाईनची परवानगी लागते. नुसती बॉडी मागवा, बॅटरी-चार्जर इथे घ्या.

दुकानात काय बघाल

पुण्यात तपकीर गल्लीत फेरी मारा, मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट आहेच. ऑनलाइन बघितली तरी चालेल, पण घ्यायच्या आधी एकदा हातात घ्या. जाताना खिशात स्वतःचं सामान न्या: तुमच्या नेहमीच्या कामातली वायर, तिला बसणारी स्लीव्ह, आणि एक ३५ स्क्वेअरचा लग केबलच्या तुकड्यासकट. दुकानदार डेमोला पातळ स्लीव्ह देतो, ती तर मेणबत्तीवरही बसते.

आधी रिकाम्या हाताने ट्रिगर दाबा. बोट कितपत दुखतं? लॉक आहे का, आणि तो लॉक चुकून लागण्यासारखा आहे का? गन उभी ठेवून बघा, बॅटरीच्या बुडावर ती पक्की राहते की डुलते. काम करताना ती पत्र्यावर, ट्रेवर, शिडीच्या पायरीवर ठेवावी लागते आणि नोझल प्रचंड तापलेलं असतं. डुलणारी गन मी घेत नाही. सोबत रिफ्लेक्टर नोझल आहे का, नसेल तर वेगळं मिळतं का, ते तिथल्या तिथे लावून बघा. एखादा शहाणा म्हणतो, "साहेब, सगळी नोझलं सगळ्यांना बसतात." बसवून दाखव म्हणावं.

मग लग मारायला घ्या. घड्याळ लावा. दुकानाची बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तशीच वापरा, पण पहिला लग झाल्यावर थांबू नका, लगेच दुसरा घ्या. पहिल्यात सगळ्याच बऱ्या वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या लगला झोत कोमट व्हायला लागला तर बॅटरी छोटी आहे किंवा जुनी. गोंदाची कड चारी बाजूंनी आली का ते फिरवून बघा. दोन ब्रँडमध्ये अडकला असाल तर डबे वाचत बसू नका, या दोन लगांनी निकाल लागतो.

बॉडीच घेत असाल, ज्याला दुकानात 'सोलो' म्हणतात, तर डब्यात बॅटरी नाही हे बोलून पक्कं करा. ऑनलाइनच्या फोटोत बॅटरी लावलेली दिसते, डब्यात नसते.

घेतल्यावर

वायरवाली गन बंद आहे हे लांबून कळतं, प्लग काढलेला दिसतो. बॅटरीवाली पेटीत टाकली की ती बंद आहे, गरम आहे, लॉक लागलाय, काहीच दिसत नाही. आमच्याकडे नियम आहे, काम झालं की बॅटरी काढायची, गन पत्र्यावर उभी ठेवायची आणि निघताना शेवटी पेटीत टाकायची. बॅटरी काढली म्हणून नोझल गार होत नाही. तापलेली गन हातातून पडली तर कॉइलही तुटते, कारण तापलेली तार आणि तिचा अभ्रकाचा आधार दोन्ही नाजूक असतात. उंचीवर गनला दोरी बांधा, खालच्या माणसासाठीही आणि कॉइलसाठीही.

छतावर वारा असतो. वायरवालीला तो फारसा कळत नाही, बॅटरीवालीची अर्धी उष्णता वारा घेऊन जातो. पाठ वाऱ्याकडे करून बसा, किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा आडोशाला धरा. बॅटरी वाचते.

ज्वाला नाही म्हणून हीट गन निरुपद्रवी समजू नका. बऱ्याच कारखान्यांत तिलाही हॉट वर्क परमिट, म्हणजे आगीचा धोका असलेल्या कामाची परवानगी, लागतं, आणि ते योग्य आहे. पेंट शॉपच्या आसपास, थिनरच्या डब्याशेजारी, बॅटरी रूममध्ये ट्रिगर दाबायच्या आधी परमिट देणाऱ्याला विचारा. तुमची गन बॅटरीवर आहे याने आगीला फरक पडत नाही.

चार्जिंगचं एक सांगायचं राहिलं. नुकतीच गनमधून काढलेली बॅटरी तापलेली असते आणि बहुतेक चार्जर तिला गार होईपर्यंत घेत नाहीत, लाईट लुकलुकत राहते. पुण्यात दहा-पंधरा मिनिटांत मार्गी लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे साईट असेल तर बंद गाडीत चार्जर लावून ठेवण्यात अर्थ नाही, तो चालूच होणार नाही. सावलीत, पंख्यासमोर ठेवा आणि तिसरी बॅटरी घ्यायचा विचार तिथे गांभीर्याने करा.

बिल घेताना गनचा आणि दोन्ही बॅटऱ्यांचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर वॉरंटी वाढवून देतात, पण त्याला मुदत असते, म्हणून दुकानातून बाहेर पडायच्या आधीच मोबाईलवर नोंदणी उरका. बॅटरीची वॉरंटी बहुधा टूलपेक्षा कमी असते, ती वेगळी विचारा. आणि तुमच्या तालुक्यापासून सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, हे दुकानदाराला न विचारता कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा, गन अजून काउंटरवर असतानाच.